विजेत्याचा शक आणि दात्याची नीवी

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



पुण्यातील जैन कुटुंबात प्रतिष्ठेची, दीक्षेची अथवा विवाहाची पत्रिका छापावयास दिली की तिच्या माथ्यावर बहुधा तीन कालगणना एका ओळीत येतात : वीर निर्वाण संवत्, विक्रम संवत् आणि शालिवाहन शके. पत्रिका हाती घेणारा तिथी पाहतो, वेळ पाहतो, साधर्मिक वात्सल्याचे ठिकाण पाहतो. माथ्यावरची ओळ क्वचितच कोणी वाचतो. परंतु तीत एक सोपे गणित दडलेले आहे. दिवाळीनंतर शकाच्या आकड्यात १३५ मिळविले की गुजराती पंचांगाचा विक्रम संवत् मिळतो आणि ६०५ मिळविले की वीर संवत्. इ. स. २०२४ च्या दिवाळीनंतर शके १९४६, विक्रम संवत् २०८१ आणि वीर संवत् २५५१ असा तो मेळ बसला. श्वेतांबर परंपरेतील तित्थोगाली आणि दिगंबर परंपरेतील तिलोयपण्णत्ती हे दोन्ही प्राचीन ग्रंथ वीर निर्वाणानंतर ६०५ वर्षे ५ महिन्यांनी शकराजा झाल्याचे नमूद करतात. तिलोयपण्णत्तीत याविषयी इतरही मते दिली आहेत. पण पुढे रूढ झाले ते हेच. भगवान महावीरांच्या निर्वाणाचे वर्ष निश्चित करताना विद्वानांना ज्या पुलावरून जावे लागते तो हा शकाचा पूल होय.

आता यातील गंमत पाहावी. ग्रंथ म्हणतात ‘शकराजा’, आणि महाराष्ट्र म्हणतो ‘शालिवाहन’. शक हे वायव्येकडून आलेले परकीय. शालिवाहन, म्हणजेच सातवाहन, हे पैठणचे राजे आणि शकांचे हाडवैरी. इ. स. ७८ पासून सुरू होणारी ही गणना कुशाण सम्राट कनिष्काची की क्षत्रप चष्टनाची, यावर इतिहासकारांत वाद आहे. ती सातवाहनांनी सुरू केली नाही, याविषयी मात्र फारसा वाद नाही. सातवाहन राजे आपल्या लेखांत स्वतःच्या राज्यारोहणापासूनची वर्षे मोजीत. जुन्या शिलालेखांत ही गणना केवळ शकांची म्हणूनच येते. शालिवाहनाचे नाव तिला कित्येक शतकांनंतर चिकटले. हरलेल्यांचे वर्ष आणि जिंकलेल्याचे नाव अशी ही जोडगोळी गुढीपाडव्याला घरोघरी पूजिली जाते. स्वतंत्र भारताने २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली तीही शकाचीच.

ज्याच्या पराक्रमामुळे सातवाहन हे नाव शकांच्या पारिपत्याशी कायमचे जोडले गेले तो राजा गौतमीपुत्र सातकर्णी. त्याचा काळ काही विद्वान इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात, तर काही दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात ठेवतात. त्याच्यापूर्वी काही वर्षे क्षहरात कुळातील नहपान या क्षत्रपाने भडोचपासून नाशिक, जुन्नर, कार्ल्यापर्यंतचा मुलूख सातवाहनांकडून हिरावून घेतला होता. जुन्नरच्या मानमोडी डोंगरातील एका लेखात नहपानाचा अमात्य अयम याने शेहेचाळिसाव्या वर्षी दिलेल्या दानाची नोंद आहे. पुण्याच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर असलेले हे नगर तेव्हा परकीय अंमलाखाली होते, त्याचा हा दगडी पुरावा.

गौतमीपुत्राने नहपानाचा संपूर्ण पराभव केला. या घटनेचा बोलका साक्षीदार १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे सापडला. मातीखाली पुरलेल्या त्या ठेव्यात नहपानाची सुमारे १३,२५० चांदीची नाणी निघाली आणि त्यांतील दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा उमटविलेला होता. नवी नाणी पाडण्यापर्यंत थांबण्याची उसंत विजेत्याला नव्हती, किंवा गरज वाटली नसावी. शत्रूच्या चेहऱ्यावरच आपले चिन्ह मारून त्याने ते चलन पुन्हा बाजारात सोडले. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हा शहाणपणाचा निर्णय म्हटला पाहिजे. चांदी तीच राहिली, पत बदलली.

या युद्धामागे बंदरांचे आणि घाटवाटांचे राजकारण होते. त्या काळी एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस तगर, म्हणजे आजचे तेर, दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे सांगितले आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून जाडेभरडे कापड गाड्यांतून भडोचला जाई. त्याच ग्रंथात अशीही नोंद आहे की, कल्याण बंदरात चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचकडे वळविली जात. कल्याण मोकळे असेल तर माल नाणेघाटाने वर चढे आणि जुन्नरचा बाजार भरे. कल्याण कोंडले की जुन्नरची पेठ ओस. नाणेघाटाच्या माथ्यावरचा जकातीचा दगडी रांजण आजही पर्यटक कुतूहलाने पाहतात. त्याच घाटातील गुंफेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे.

या युद्धाची एक कथा जैन साहित्याने जपून ठेवली आहे, आणि इतिहासकारांनी तिची दखल घेतली आहे. आवश्यक-निर्युक्तीत ती एका गाथेत सूचित केली असून चूर्णी व टीकेत तिचा विस्तार आहे. भरुकच्छाचा राजा नहवाहन हा कोषसमृद्ध होता. पैठणचा सालवाहन हा बलसमृद्ध होता. सालवाहन दरवर्षी भडोचला वेढा घाली. नहवाहन शत्रुसैनिकाला मारणाऱ्यास भरघोस पारितोषिक देई, त्यामुळे त्याच्या बाजूने लढणाऱ्यांची वाण पडत नसे आणि पैठणचे सैन्य मात्र झिजून परत जाई. अखेर सालवाहनाच्या अमात्याने युक्ती काढली. राजाने आपल्याला अपमान करून हाकलून दिले असा बहाणा करून, गुग्गुळाचे ओझे घेऊन तो भडोचला गेला आणि हळूहळू नहवाहनाच्या विश्वासास पात्र झाला. राज्य पुण्याईने मिळते, पुढच्या जन्मीही ते हवे असेल तर पुण्य जोडावे, असे त्याने राजाच्या मनावर बिंबविले. देवालये उभी राहिली, तळी-विहिरी खोदल्या गेल्या, कोष रिता झाला. मग अमात्याने पैठणला निरोप धाडला. या वेळी पारितोषिक द्यावयास नहवाहनापाशी द्रव्य उरले नव्हते, नगर पडले.

शास्त्रकारांनी ही कथा कपटाचे उदाहरण म्हणून दिली आहे. पण पन्नास वर्षे दानाच्या बळावर चाललेल्या संस्थेच्या सभागृहात ती ऐकताना श्रोत्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिल्याशिवाय राहणार नाही. दानामुळे राज्य गेले काय? नहवाहनाने मंदिरे आणि तळी बांधली नसती, पैसा कोषातच ठेवला असता, तर तो जिंकला असता काय?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर, लोक ज्यांना पांडवलेणी म्हणतात तेथे, जावे लागते. कथेतील नहवाहन म्हणजेच नहपान, असे विद्वानांनी मानले ते उगाच नव्हे. त्या डोंगरावरील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याच्या दानांची यादी कोरलेली आहे, आणि ती वाचली की जैन कथाकाराने दानशूरतेचे वर्णन हवेतून केलेले नाही, हे ध्यानी येते. तीन लक्ष गायी. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा येथे धर्मशाळा. विहिरी, तलाव, बागा. तापी, दमणगंगा आदी नद्यांवर वाटसरूंसाठी विनामूल्य नावा. बत्तीस हजार नारळीची झाडे. परकीय कुळातील हा गृहस्थ एका हाताने ब्राह्मणांना आणि दुसऱ्या हाताने बौद्ध भिक्षूंना देत होता.

त्यातील एक दान विश्वस्तांनी विशेष लक्ष देऊन पाहण्यासारखे आहे. भिक्षूंसाठी उषवदाताने तीन हजार कार्षापण दिले. पण ते भिक्षूंच्या हाती दिले नाहीत. गोवर्धन नगरातील विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार अशी ती रक्कम ठेवली. पहिल्या ठेवीवर दरमहा शेकडा एक आणि दुसरीवर दरमहा शेकडा पाऊण व्याज ठरले. मुद्दल परत काढावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा, असे स्पष्ट लिहिले आहे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते, आणि वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंपैकी प्रत्येकास वस्त्रासाठी बारा कार्षापण द्यावयाचे होते. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. एक पैही इकडची तिकडे नाही. हा सारा व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगरातील व्यापाऱ्यांच्या सभेत, जाहीर करून फलकावर नोंदविलेला आहे. या प्रकारच्या ठेवीला लेखात शब्द वापरला आहे ‘अखयनिवी’, अक्षयनीवी. आजच्या ट्रस्टच्या हिशेबात तिलाच कायम निधी म्हणतात, आणि लेखापरीक्षक दरवर्षी त्याच एका गोष्टीची खात्री करून घेतो : मुद्दलाला हात लागला नाही ना.

आणि आता विजेता आला. नहपानाचे घराणे त्याने निर्मूल केले. शत्रूच्या जावयाने दिलेल्या दानांचे पुढे काय झाले?

पुण्याहून मुंबईकडे जाताना लोणावळ्याच्या अलीकडे कार्ल्याचे लेणे आहे. तेथील संघाला उषवदाताने करजिक नावाचे गाव दिले होते, तसा लेख चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर आहे. त्याच भिंतीवर अठराव्या राज्यवर्षाचा दुसरा लेख आहे. आरंभीचा भाग झिजला असला तरी तो गौतमीपुत्राचाच आदेश मानला जातो. मामाळ प्रांताच्या अमात्याला उद्देशून त्यात म्हटले आहे की करजक गाव वलुरक लेण्यातील भिक्षूंना देण्यात आले आहे. राजसेवकांनी त्यात प्रवेश करू नये, भिक्षूंना त्रास देऊ नये. शत्रूचे नाणे विजेत्याने ठोकून बदलले, पण शत्रूचे दान त्याने मोडले नाही. आपल्या नावाने पुन्हा दिले. त्या मामाळ प्रांताचे नावही पुणेकरांना अपरिचित नाही. तोच आजचा मावळ. इतकी राजकुळे बदलली, तरी महसुली दप्तरातून आणि बोलण्यातून ते नाव गेलेले नाही.

नाशिकच्या आदेशांत तर या राजाचे आणखी जवळून दर्शन घडते. अठराव्याच वर्षी त्याने विजयी सैन्याच्या छावणीतून गोवर्धनच्या अमात्यास कळविले की उषवदाताच्या ताब्यातील दोनशे निवर्तने शेत तपस्व्यांना द्यावे. सहा वर्षांनी पुन्हा आदेश निघाला : ते शेत कसले जात नाही, ते गाव वसतच नाही, म्हणून नगराच्या शिवेवरील राजाच्या शेतातून शंभर निवर्तने द्यावीत. या दुसऱ्या आदेशात राजासोबत राजमातेचाही उल्लेख आहे. दान दिले, लेख कोरला, समारंभ झाला, आणि प्रत्यक्षात जमीन पडीक राहिली, ही गोष्ट त्या काळीही घडत होती. परंतु कोणीतरी सहा वर्षांनी चौकशी केली. दानाची कीर्ती सर्वत्र गायिली जाते. चौकशीची सहसा नाही.

या राजमातेने, गौतमी बलश्रीने, पुत्राच्या निधनानंतर नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी त्याच डोंगरावरील तिसरे लेणे भिक्षुसंघास अर्पण केले आणि त्याच्या लेखात पुत्राची प्रशस्ती कोरविली. शक, यवन, पह्लवांचा नाश करणारा. क्षहरात वंश निर्मूल करणारा. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा. असिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, अपरान्त, विदर्भ, अवंती अशी जिंकलेल्या देशांची मालिका आहे. प्रशस्ती ही प्रशस्तीच. तीत मातेचे वात्सल्य आहे तसे राजघराण्याचे अहंकारही आहेत. पण मध्येच एक विशेषण असे येते की जैन वाचक तेथे थबकतो : अपराध केलेल्या शत्रूचीही प्राणहिंसा करण्याची ज्याला रुची नाही. रणात क्षहरातांचा निर्वंश करणाऱ्याविषयी हे लिहिले आहे. मातेला पुत्र तसा दिसला असेल, किंवा तो तसा आठवला जावा अशी तिची इच्छा असेल.

हे सारे आज ज्ञात आहे ते एका दानलेखामुळे. गौतमीपुत्राचा स्वतःचा विजयस्तंभ कोठे उभा नाही. कलिंगाचा सम्राट खारवेल याच्या स्वाऱ्या ठाऊक आहेत त्या हाथीगुंफेतील जैन लेखामुळे, आणि त्यात सातकर्णीची पर्वा न करता पश्चिमेकडे सैन्य धाडल्याचा उल्लेख आहे. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी आणि त्याच्या ताब्यातील नव्व्याण्णव हजार गावांचा महाराष्ट्र ठाऊक आहे तो ऐहोळच्या जिनालयावर रविकीर्तीने शके ५५६ मध्ये कोरविलेल्या लेखामुळे.

सातवाहनांचा विजय फार काळ टिकलाही नाही. इ. स. १५० च्या सुमाराचा क्षत्रप रुद्रदामन याचा गिरनारचा लेख सांगतो की त्याने दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा जिंकले आणि जवळच्या नात्यामुळे सोडून दिले. सौराष्ट्र, अवंती हे प्रदेश एका पिढीत पुन्हा क्षत्रपांकडे गेले. राहिले ते वेगळेच. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या, कासारांच्या, बुरुडांच्या श्रेणींचे लेख राहिले. पुढे त्याच मानमोडी डोंगरातील लेण्यांत जैन मूर्ती आल्या आणि त्या समूहाला अंबिकेचे नाव मिळाले. तेरचा व्यापार आटला. पैठण मात्र राजधानी गेल्यावरही विद्येचे आणि कापडाचे गाव म्हणून उभे राहिले. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरींनी विविधतीर्थकल्पात प्रतिष्ठानपुराला स्थान दिले. कुंभाराच्या घरी वाढलेल्या आणि मातीचे सैनिक सजीव करणाऱ्या सातवाहनाची जी कथा आजी नातवंडांना पाडव्याला सांगते, ती तेथेही आहे.

आणि भाषा राहिली. सातवाहनांनी आपले लेख प्राकृतात कोरविले. हाल सातवाहनाच्या नावावरील गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, पुण्यात स. आ. जोगळेकर यांनी ती १९५६ मध्ये मराठी वाचकांपुढे आणली. पादलिप्तसूरींची ‘तरंगवती’ ही कथा परंपरेने याच राजसभेशी जोडलेली आहे. मूळ ग्रंथ नष्ट झाला, संक्षेप उरला. पुढे आगमांवरील भाष्ये आणि असंख्य कथाग्रंथ ज्या भाषेत रचले गेले तिला विद्वान जैन महाराष्ट्री म्हणतात. महाराष्ट्रापासून दूर, मारवाडातील जालोरला उद्योतनसूरींनी ‘कुवलयमाला’ पूर्ण केली तेव्हा शके ७०० संपावयास एक दिवस उरला होता, अशी त्यांनी स्वतः नोंद केली आहे. त्या ग्रंथात बाजारपेठेत जमलेल्या देशोदेशीच्या व्यापाऱ्यांमध्ये मरहट्टा व्यापारीही आपल्या बोलीसह हजर आहे. जालोर, पाली, सिरोहीकडून पुण्यात येऊन मराठीत व्यवहार करणाऱ्या कुटुंबांची ही उलटी वाट बाराशे वर्षांपूर्वीच चालू झाली होती म्हणावयाची.

पैठणचे आणखी एक देणे आहे, आणि ते पुण्याच्या रस्त्यांवर दरवर्षी दिसते. निशीथचूर्णीत कथा आहे की कालकाचार्य प्रतिष्ठानपुरी चातुर्मासास आले. पर्युषणाचा अंतिम दिवस भाद्रपद शुद्ध पंचमी. परंतु त्याच दिवशी नगरात इंद्रमहोत्सव असे आणि राजाला तेथे उपस्थित राहावे लागे. षष्ठीला करावे, असे सातवाहन राजाने विनविले. पंचमी ओलांडता येत नाही, असे आचार्यांनी सांगितले. मग एक दिवस अलीकडे आणून चतुर्थी ठरली. हा सातवाहन कोणता, हे ग्रंथ सांगत नाही. पण श्वेतांबर मूर्तिपूजकांपैकी बहुतेकांची संवत्सरी आजही चतुर्थीला होते, स्थानकवासी पंचमी पाळतात, आणि गणेश चतुर्थीला लक्ष्मी रस्त्यावर ढोल वाजत असताना उपाश्रयात प्रतिक्रमणास मंडळी बसतात. एका नगरातील राजाची सोय आणि एका आचार्यांचा निर्णय यांचा तो मागोवा आहे.

हा राजा श्रावक होता, असे जैन ग्रंथ म्हणतात. त्याच्या कुळातील लेख मात्र अश्वमेधाचे, बौद्ध संघाच्या दानांचे आणि गौतमीपुत्राला श्रेष्ठ ब्राह्मण म्हणणारे आहेत. स्मरणिकेसाठी लिहिताना पहिलेच तेवढे सांगून टाकण्याचा मोह स्वाभाविक आहे. तो टाळावा, कारण जैनांना या भूमीवरील आपले पुरातनत्व दाखविण्यासाठी उसना राजा लागत नाही.

पुण्याच्या वायव्येस, मावळातच, कामशेतजवळ पाले नावाचे गाव आहे. तेथील डोंगरातील एका लहान लेण्यात चार ओळींचा ब्राह्मी लेख आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. अक्षरवळण इसवी सनापूर्वीचे, म्हणजे नहपान आणि गौतमीपुत्र या दोघांच्याही आधीचे. आरंभ अरिहंतांना नमस्काराने होतो, आणि त्यावरूनच तो जैन मानला जातो. २०१९ मध्ये लोहगडाच्या परिसरात त्याच वळणाचा, त्याच मंगलाने सुरू होणारा लेख उजेडात आला. पाल्याच्या लेखात कोणा राजाचे नाव नाही, वर्ष नाही, जिंकलेल्या देशांची यादी नाही. भदंत इंद्ररक्षिताने लेणे करविले आणि पोढी करविली, एवढेच आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके.